बोली लागलेल्या खेळाडूचे हाड मोडले, तर भरपाई कोणाकडे मागायची? : केंद्रीय क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय क्रीडामंत्री,
स.न.वि.वि.

ऑगस्ट 2025 मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. उद्देशातच खेळाडूंच्या कल्याणाचे उपाय लिहिलेले, म्हणून आम्ही हॉकीवाल्यांनी तो आशेने वाचला. सामन्यात खेळाडू जायबंदी झाला तर भरपाई फ्रँचायझीने द्यायची, संघटनेने की मैदानमालकाने, हे त्यात कुठेच सापडले नाही.

पेनल्टी कॉर्नरला, म्हणजे बचाव करणाऱ्या संघाच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या गोलच्या संधीला, पहिला रशर (फटका अडवायला धावणारा बचावपटू) गोलरेषेवरून सुटतो तेव्हा काय होते, ते पाहा. ड्रॅगफ्लिक, म्हणजे स्टिकने ओढत भिरकावलेला चेंडू, ताशी 100 किलोमीटरच्या वर जाते. गोलसमोरच्या 'डी' आकाराच्या भागाची त्रिज्या 14.63 मीटर; तेवढे अंतर टणक चेंडू सुमारे अर्ध्या सेकंदात कापतो, आणि रशर तर वाटेतच आडवा येतो. कॉर्नरवरचा पहिला फटका हिट, म्हणजे स्टिक फिरवून मारलेला, असेल तर चेंडू 460 मिलिमीटरच्या वर जाऊन गोल होत नाही. ड्रॅगफ्लिकला ती मर्यादा नाही. म्हणजे गुडघा, बरगडी, जबडा, सगळेच माऱ्यात. मास्क आणि गुडघ्याचे पॅड घालायची नियमात मुभा आहे, सक्ती नाही. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघ नियमपुस्तकाच्या आरंभीच मैदानातील दोषांची जबाबदारी नाकारतो आणि ज्या त्या देशाचे कायदे पाळा म्हणतो.

आमच्या देशाचा कोणता कायदा पाळायचा, साहेब?

भारतीय न्याय संहितेचे कलम 25 खेळातील संमती मानते, पण त्यातले तलवारबाजीचे उदाहरण नियमाने खेळणाऱ्यांचे आहे. पाणी नीट न मारलेल्या टर्फवर चेंडू उसळला, मैदानाशी रुग्णवाहिकाच नव्हती, याला खेळाडूने कधी संमती दिली? तरी करारात 'स्वतःच्या जोखमीवर' एवढे घातले की सगळे हात वर करतात. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत हत्ती सांभाळणारा होता, पाणबुड्या होता. व्यावसायिक खेळाडू नव्हता. शंभर वर्षांत तो कोणालाच आठवला नाही, कारण या व्यवस्थेला पदक दिसते, पदक आणणारा गुडघा दिसत नाही. हॉकी इंडिया लीगच्या 2024 च्या लिलावात ड्रॅगफ्लिकर हरमनप्रीत सिंगवर 78 लाखांची बोली लागली. किंमत जाहीर होते, दायित्व होत नाही.

2004 मध्ये आइस हॉकीत स्टीव्ह मूरवर टॉड बर्तुझीने मागून हल्ला केला. मूरची कारकीर्द तिथेच संपली. त्याने बर्तुझीसोबत त्याच्या संघाच्या मालकांवरही दावा लावला आणि 2014 मध्ये तडजोड झाली. दहा वर्षे! तिथे निदान प्रतिवादी कोण, हे तरी ठाऊक होते. आमच्या जखमी पोराला वकील पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि त्याच्याकडे उत्तर नसते.

पुढच्या लिलावाआधी नियम काढा. कराराचा पक्षकार म्हणून फ्रँचायझी प्रथम जबाबदार. कारकीर्द संपल्यास भरपाई देणारा विमा, हप्ता फ्रँचायझीचा. दुखापतीची नोंद त्याच दिवशी पंच आणि डॉक्टरच्या सहीने, प्रत खेळाडूच्या हातात. चित्रीकरण दावा निकाली निघेपर्यंत जपून ठेवायचे. आणि रशरला मास्क सक्तीचा.

आपले,
हॉकी प्रशिक्षक, फिजिओ व खेळाडूंचे पालक