बाळ्यास पत्र

पुणे, रविवार दुपार

प्रिय बाळ्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. माझी साखर ठीक, हिचे गुडघे होते तसेच. फोनच केला असता, पण या घरात माझा फोन सगळ्यांना ऐकू जातो आणि गाऱ्हाणं घरातल्यांचंच आहे.

निखिल ह्यूस्टनहून परतला तेव्हा सामानाच्या कंटेनरमधून एक गॅसचा बार्बेक्यूही आला. चार बर्नर, वर घुमटासारखं झाकण. पावसाळाभर तो बाल्कनीत ताडपत्रीखाली पडून होता. काल मित्रांचा बेत ठरला: पनीर, चिकन, कणसं. निखिलनं नॉब फिरवला, बटण दाबलं. टिक, टिक. पेटेना. झाकण बंदच. पुन्हा टिक, टिक. मी आतून ओरडतोय, "अरे, आधी झाकण उघड!" तोवर त्यानं खालच्या भोकातून लायटर लावला आणि भस्सकन जाळ बाहेर आला. हातावरचे केस गेले, निभावलं तेवढ्यावर. सगळे हसले. मला हसू येईना. मला सांगलीची खोली दिसली आणि तुझ्या भुवया.

तू अजून म्हणतोस, स्टोव्हची पीन खराब होती. पीन कसली! काकडा पुरता जळायच्या आत तू पंप मारलास. बर्नर तापला नव्हता, रॉकेलची वाफ झालीच नाही, ते तसंच उडालं. पश्यालाही विचार. असो, भुवया परत आल्या, तुझा हेका तसाच राहिला.

तर निखिलला बसवून सांगितलं. एकदा पेटला नाही की नॉब बंद, झाकण उघडं, पाच मिनिटं हात लावायचा नाही. हा गॅस हवेपेक्षा जड, वर उडून जात नाही, खाली साचतो. तो म्हणतो, "बाबा, तिकडे मी दर शनिवारी करायचो." तिकडे मागे अंगण होतं रे! इथे तीन बाजूंना भिंत, डोक्यावर वरच्यांचा स्लॅब आणि पावसाची झड नको म्हणून सरकत्या काचा. त्या काचा ओढून त्यानं शेगडी पेटवली तर आत कार्बन मोनॉक्साइड कोंडणार. सिलिंडरच्या गॅसला निदान मुद्दाम घातलेला वास असतो, गळती कळते. या वायूला तोही नाही. माणूस नुसता पेंगतो आणि झोपतो.

आणि सिलिंडर कुठला? स्वयंपाकघरातला, लाल, 14.2 किलोवाला. तिकडच्या नळीचं टोक आपल्या सिलिंडरला बसत नाही, म्हणून बाजारातून कुणाकडून तरी जोड करून आणलाय. मी साबणाचं पाणी चोपडलं. जोडाशी बारीक बुडबुडे आले, मुंगीच्या अंड्यांएवढे, एकामागून एक. निखिलला बोलावून दाखवलं तर म्हणतो, "घट्ट करतो." अरे, जोडच चुकीचा, घट्ट काय करतोस?

खबरदारी म्हणून त्यानं शेजारी बादलीभर पाणी मात्र ठेवलं होतं! खालच्या ट्रेमध्ये मागच्या खेपेची चरबी थिजलेली. ती पेटली आणि हा पाणी ओतता तर अख्खी बाल्कनी पेटवली असती. गॅस बंद करून झाकण लावायचं, की विझते. हे त्याला माहीत नव्हतं आणि दर शनिवारी करायचा म्हणे.

पेटत का नव्हता, ते आज सकाळी सापडलं. बर्नर काढून बघितले, तर दोन नळ्यांच्या तोंडाशी पांढरं जाळं आणि आत वाळलेला कोळी. जाळ्यामुळे गॅस पुढे जात नाही, उलटा फिरतो आणि भलतीकडेच पेटतो. रेवाच्या दुधाच्या बाटलीच्या ब्रशनं साफ केलं. हे हिला कळवू नकोस.

खरी धडकी रेवाचीच आहे. ते नॉब तिच्या नाकाशी येतात आणि तिला फिरेल ते फिरवायचं असतं. रात्री सगळे झोपले की मी उठून सिलिंडरचा रेग्युलेटर बंद आहे ना, ते बघतो. दोनदा बघतो. निखिल म्हणाला, "तुम्हाला सगळ्याचीच भीती वाटते." हरिपूरच्या संगमावर मी पाण्यात उतरलो नाही तेव्हा तूही हेच म्हणाला होतास. ते मी विसरलेलो नाही. नंतर भोवऱ्यातून तुला कुणी ओढून काढलं, तेही नाही.

गच्चीवर उघड्यावर ठेव, जोड बदल, मग खुशाल भाज, मीही खाईन, इतकंच माझं म्हणणं. तो हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही, मोबाइल बघतो. सूनबाई माझ्या बाजूची आहे, पण तोंडावर बोलणार नाही.

तुझं ऐकतो तो, लहानपणापासून. तूच फोन कर. भुवयांची हकीकत सांग. पिनेचं पुराण लावलंस तरी चालेल, या वेळी मी अडवणार नाही.

दीपाचं ठरल्याचं कळलं, फार बरं वाटलं. तारीख कळव, हॉल आमच्या बाजूला घेतलास तर पाहुणे इकडे उतरतील. वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? घराची ती कोर्टाची भानगड पुढच्या पत्रात लिही, घाईत नको.

फोन नऊनंतर कर, तेव्हा तो एकटा असतो. आणि माझं पत्र आलं होतं हे बोलू नकोस.

तुझा,
नाना