तुझा पैलवान तरंगतोय

कोल्हापूर
रविवार, रात्री

प्रिय सुन्या,

तुझ्या ॲनिमेशनची फाईल मिळाली. चालणारा पैलवान झकास उतरलाय. खांद्यात रुतलेली मान, मोडलेले कान, पुढं काढलेली छाती, गंगावेशीतल्या तालमीतनं नुकताच बाहेर पडलाय असं वाटतं. पण गडी चालायला लागला की सगळ्यावर पाणी पडतं. तुझ्या सातवीच्या पोरांनी 'सर, हा तरंगतोय' म्हटलं त्याचा राग धरू नकोस, कार्टी नेमकं बोलली. शंभर किलोचा माणूस चाललाय आणि जमिनीला त्याचा पत्ताच नाही.

फोनवर तू 'पायात काय चुकलंय ते बघ' म्हणालास. पायात फारसं काही चुकलेलं नाही रे. दोन्ही पाय तू नीट पुढंमागं टाकलेस, पण कंबर मात्र टेबलावरनं पट्टी सरकवावी तशी एका रेषेत नेलीस. वजन दिसतं ते कमरेत. कंबर खाली कधी बसते, किती बसते आणि वर यायला किती वेळ घेते, एवढं जमलं की पाय थोडे वेडेवाकडे पडले तरी बघणारा माफ करतो.

आता एक पाऊल सुटं करून बघ. पहिली पोझ कॉन्टॅक्ट: पुढच्या पायाची टाच टेकलेली, मागच्याचा चवडा अजून जमिनीवर, दोन पायांत सगळ्यात जास्त अंतर. ही तू छान काढलीस. त्यानंतरची डाउन, आणि ही तुझ्या फाईलमध्ये नाहीच. पुढचं पाऊल पूर्ण टेकतं, अंगाचा सगळा भार त्या पायावर येतो, गुडघा वाकतो आणि कंबर अख्ख्या पावलात सगळ्यात खाली जाते. मग पासिंग: भार घेतलेला पाय सरळ होतो आणि दुसरा पाय गुडघ्यात मुडपून त्याच्या शेजारनं पुढं निघतो. शेवटी अप: टाच उचलून माणूस चवड्यावर येतो, कंबर सगळ्यात वर. तिथनं तो पुढच्या कॉन्टॅक्टवर पडतो. तू कॉन्टॅक्ट आणि पासिंग अशा दोनच पोझ दिल्यास आणि मधलं सॉफ्टवेअरला भरायला सांगितलंस. त्यानं आपल्या बुद्धीनं सगळं सारखं वाटून टाकलं. डाउन ही काही कॉन्टॅक्ट आणि पासिंगच्या मधोमध पडणारी जागा नाही. ती दोन्हीच्या खाली आहे, आणि ती आपणच हातानं काढायची. पैलवानासाठी तर दोन बोटं आणखी खाली ओढ.

हाताचंही तसंच. उजवा पाय पुढं तेव्हा डावा हात पुढं, हे तुला सांगायला नको. पण हात सगळ्यात लांब जातात ते कॉन्टॅक्टला नाही, डाउनला. अंग खाली बसलं तरी हात आधीच्या झोकानं आणखी थोडे पुढं जातात. शिवाय पैलवानाचे हात अंगाला चिकटत नाहीत, दंड आणि पाठ आड येते. बाजूनं बघताना ते कळत नाही म्हणून कोपर जरा वाकलेलं ठेव आणि झोका लहान कर. कारकुनासारखे हात हलवायला लागला की त्याची सगळी तालीम फुकट.

आता हिशेब. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे पडद्यावर 24 चौकटी, धर. साधा माणूस 12 फ्रेममध्ये एक पाऊल टाकतो, म्हणजे सेकंदात दोन पावलं. तू तेच घेतलंस. पण 12 चे चार भाग पाडले की पोझ येतात 1, 4, 7 आणि 10 वर. आपण एक चित्र दोन फ्रेम धरतो, म्हणजे चित्रं पडतात 1, 3, 5 अशा विषम आकड्यांवर. मग 4 आणि 10 ला, म्हणजे नेमक्या डाउन आणि अपला, जागाच राहत नाही. म्हणून पावलाला 16 घे. 1 ला कॉन्टॅक्ट, 5 ला डाउन, 9 ला पासिंग, 13 ला अप, 17 ला दुसऱ्या पायाचा कॉन्टॅक्ट. सगळं विषमवर बसतं, आणि अवजड गड्याला तो संथपणा शोभतोही. अख्खी सायकल, म्हणजे दोन्ही पायांची एक फेरी, 32 फ्रेमची. 33 वी म्हणजे पुन्हा पहिलीच, ती रेंडरमध्ये, म्हणजे शेवटच्या व्हिडिओत, धरू नकोस, नाहीतर दर फेरीला गडी एक ठेच खाईल.

गड्याचा पाय रस्त्यावर घसरल्यासारखा दिसतो, त्याचं कारण वेगळं आहे. तुझा पैलवान जागच्या जागी चालतो आणि मागचा रस्ता सरकतो, बरोबर? मग टेकलेलं पाऊल दर फ्रेमला रस्त्याइतकंच मागं गेलं पाहिजे. पाऊल पुढच्या कॉन्टॅक्टपासून मागच्या कॉन्टॅक्टपर्यंत 320 पिक्सेल जात असेल तर 16 फ्रेममध्ये ते दर फ्रेमला 20 पिक्सेल. रस्त्याचा लेअरही, म्हणजे रस्ता काढलेला सुटा थरही, दर फ्रेमला 20 च. दूरचा डोंगर, देवळाचं शिखर वगैरे हळू सरकू दे, पण ज्या लेअरवर पाय पडतो त्याला सवलत नाही. दुसरं म्हणजे बरीच सॉफ्टवेअर दोन कीच्या, म्हणजे आपण ठरवून दिलेल्या दोन जागांच्या, मधली हालचाल आपणहून मऊ करतात, सुरुवातीला हळू, मध्ये जोरात, शेवटी पुन्हा हळू. हात आणि डोक्याला ते गोड दिसतं. टेकलेल्या पावलाला ते विष आहे, कारण रस्ता एकाच वेगानं चाललेला असतो. हालचालीचा ग्राफ उघड, पाऊल जमिनीवर असतानाच्या सगळ्या की लिनियर, म्हणजे एकाच वेगाच्या, कर. हवेत असताना मऊ असू दे.

आणि गुडघा मध्येच फटकन झटका मारतो तो बोन, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं पायाचं हाड, पूर्ण ताणला गेल्यामुळं. आय के ही सोय लावली की पाऊल ओढल्यावर गुडघा आपोआप जुळतो खरा, पण पाय शेवटच्या टोकापर्यंत सरळ झाला की पुढच्या फ्रेमला तो एकदम मोडतो. कंबर थोडी खाली घे किंवा पायाची लांबी किंचित वाढव. पाय कधीच शंभर टक्के सरळ होऊ द्यायचा नाही.

चप्पल तू काढलीस हे बघून जीव सुखावला, आणि तीही कानाची. पण ती पायाला चिकटवून बसवलीस की! कोल्हापुरी पायतानाला मागं पट्टा असतो का रे? पाऊल आत धरलेलं असतं ते अंगठ्याच्या कडीत आणि वरच्या पट्ट्यात. टाच उचलली की पायतान मागं राहतं, टाच आणि चामडं यांच्यात फट पडते, आणि टाच खाली आली की ते टाचेवर येऊन आपटतं. चप्पल वेगळ्या लेअरवर घे, तिचा पिव्हट, म्हणजे फिरण्याचा बिंदू, अंगठ्यापाशी ठेव आणि तिचं फिरणं पावलाच्या दोन फ्रेम मागं सरकव. एवढंच कर आणि एकदा प्ले करून बघ. आवाज टाकणार असशील तर ती करकर डाउनला टाक, भार पडतो तिथं. कॉन्टॅक्टला टाकलास तर आधीच वाजल्यासारखा वाटेल.

इथं असतास तर पहाटे गंगावेशीत नेऊन उभं केलं असतं. जोर-बैठका मारून पोरं दूध कट्ट्याकडं निघतात, ती बघायची. मांड्या इतक्या भरलेल्या की पावलं रुंद पडतात, चवडे बाहेर वळलेले. नवखा आणि मुरलेला पैलवान यांची चाल वेगळी असते बघ. नवखा छाती मुद्दाम काढून चालतो, मुरलेल्याला ते करावं लागत नाही. तुझा पैलवान मुरलेला आहे ना? मग छातीचा तेवढा तोरा कमी कर. मोबाइलवर व्हिडिओ घेताना विचारून घे मात्र, आणि कॅमेरा कमरेच्या उंचीवर धर. वरनं घेतलास तर पावलं कळत नाहीत.

नाशकात तालीम सापडली नाही तर मायब्रिज या जुन्या छायाचित्रकाराचे फोटो शोधून काढ. 1878 ला त्यानं घोड्याच्या वाटेवर ओळीनं कॅमेरे लावून धावण्याचे टप्पे पकडले, आणि पुढं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात माणसांचेही. 1887 साली त्याच्या 781 प्लेट छापल्या गेल्या, त्या आज नेटवर फुकट मिळतात. माणसांच्या बऱ्याच फोटोंत मागं चौकटी आखलेल्या आहेत. त्यावर डोकं वरखाली किती होतं ते सरळ मोजता येतं. पोरांना वर्गात ट्रेसिंग पेपर देऊन मोजायला लाव, तास कसा जातो कळणार नाही. आपल्या सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी इथं कोल्हापुरातच स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला, तेही त्या तासाला सांगून टाक. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाचा फोटो मी पाठवतो.

सॉफ्टवेअरचं महिन्याचं भाडं शाळा देणार नाही हे मला माहीत होतं. ओपनटून्झ घे. जिब्ली या जपानी ॲनिमेशन स्टुडिओत वापरलेल्या टून्झ सॉफ्टवेअरवरनंच ते आलंय आणि 2016 पासून सगळ्यांना फुकट आहे. पहिले काही दिवस डोकं उठवतं, पण ओनियन स्किन (मागचंपुढचं चित्र फिकट दिसण्याची सोय) आणि एक्सशीट (कोणत्या फ्रेमला कोणतं चित्र याचा तक्ता) दोन्ही आहेत, तुझ्या कामाला पुष्कळ.

तिसऱ्या सीनमध्ये तो खासबागेच्या कुस्ती मैदानाच्या पायऱ्या चढतो ना, तिथं ही सायकल चालवू नकोस. चढताना भार पुढं झुकतो आणि डाउनची जागाच बदलते. तेवढा तुकडा पहिल्या चित्रापासून सरळ काढत जायचा. पायरीची उंची पैलवानाच्या गुडघ्याच्या मानानं किती ठेवलीस ते कळव, म्हणजे चार रफ पोझ काढून पाठवतो.

वहिनींना नमस्कार, चिमीला पापा.

तुझा,
दिन्या