ओहायोच्या गन शोमधल्या टेबलवाल्या काकांना

काका,

तुम्हाला मराठी येत नाही आणि हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणारही नाही. पण त्या शनिवारी मी चार वेळा 'थँक यू' म्हणालो आणि चारही वेळा ते कोरडंच वाटलं. दोन महिने झाले, अजून घशात अडकलंय. म्हणून आता माझ्या भाषेत मोकळं करतो. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही.

तुमच्या टेबलाशी पोचलो तेव्हा मी तीन ठिकाणी तोंडघशी पडून आलो होतो. कार्कानोची, म्हणजे जुन्या इटालियन फौजी रायफलीची, काडतुसं हवीत म्हटल्यावर पहिल्या दुकानातल्या पोराने '६.५ ना?' म्हणत ६.५ क्रीडमूरचा डबा पुढे सरकवला. क्रीडमूर हे नव्या जातीचं काडतूस, आलं २००७ मध्ये; माझी कार्बाइन, म्हणजे आखूड कार्कानो, १९३८ ची. हे बसणार नाही म्हटलं, तर म्हणे ६.५ म्हणजे ६.५. आठ नंबरची चप्पल आणि आठ नंबरची बस एकच, असं म्हणण्यासारखं झालं हे! दुसऱ्या दुकानदाराने 'अरे, ही तर ऑस्वाल्डची बंदूक' म्हणून सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा विनोद केला. केनेडींच्या हत्येतल्या ऑस्वाल्डने १९६३ मध्ये शिकागोहून पोस्टाने मागवलेली रायफल कार्कानोच होती, हे मलाही ठाऊक आहे. पण हसून झाल्यावर निदान 'माझ्याकडे नाही' एवढं तरी सांगायचं! तो गिऱ्हाइकांना माझी गंमत दाखवत राहिला. तिसऱ्याने पैसे आधी घेतले आणि क्लिपांच्या नावाखाली माउझर या दुसऱ्याच रायफलीच्या पाच काडतुसांच्या पट्ट्या पाठवल्या. नंतर फोन उचलणं बंद.

मराठी वाचणाऱ्यांसाठी इथे थोडं सांगायला हवं. कार्कानोत काडतुसं सुटी भरत नाहीत. सहा काडतुसं धातूच्या क्लिपेत बसवायची आणि ती क्लिप अख्खीच्या अख्खी वरून मॅगझिनमध्ये दाबायची. शेवटचं काडतूस नळीत गेलं की रिकामी क्लिप खालच्या भोकातून आपोआप गळून पडते. क्लिप नसली तर एकेक काडतूस हाताने नळीत सारावं लागतं, आणि तसं करताना रिकामं काडतूस बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टरचा चिमटा मोडायची भीती. थोडक्यात, क्लिपेविना ही रायफल म्हणजे दांडी.

आता माझी क्लिप. २००४ मध्ये आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा शिवणाचा डबा बरोबर घेऊन आली आणि जाताना इथेच ठेवून गेली. त्यात बॉबिनांच्या खाली एक वाकवलेली पितळी पट्टी होती. घरातले सगळे तिला शिलाई मशीनचा कुठला तरी भाग समजत. आईला एवढंच आठवत होतं की ती आजोबांच्या ट्रंकेतून आली. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, १९४१ मध्ये पूर्व आफ्रिकेत, एरिट्रियातल्या केरेनला इटालियन फौजेशी लढले. लढाईबद्दल फारसं बोलत नसत. 'डोंगर आपल्या जावळीसारखा, पण झाड एक नाही आणि पाणी खाली दरीत,' एवढंच सांगत. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही रेजिमेंटची घोषणा तिथल्या चढाईत उठली, हे मात्र दर दसऱ्याला सांगत. मी दहा वर्षांचा असताना ते गेले. ट्रंकेत काय आहे हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

एकदा एका प्रदर्शनात कार्कानो उघडी मांडलेली दिसली. शेजारी तिची क्लिप होती आणि मी जागच्या जागी थांबलो. शिवणाच्या डब्यातला तो 'मशीनचा भाग'! क्लिपा गळून पडतात म्हणजे केरेनच्या त्या टेकड्यांवर त्यांचा सडा पडला असणार. आजोबांनी त्यातली एक उचलली असेल. का उचलली, ते त्यांनाच ठाऊक.

मग मी ती कार्बाइन घेतली. बायको म्हणाली, कशाला? मला नीट उत्तर देता आलं नाही.

तुमच्या टेबलावर जुन्या फौजी रायफलींच्या सामानाचे डबे होते आणि एका ट्रेमध्ये कार्कानोच्या क्लिपांचा ढीग, काही पितळी, काही लोखंडी. मी खिशातून आजोबांची क्लिप काढली आणि 'अशा हव्यात' म्हणालो. तुम्ही ती घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं, 'ही कुठून आणली?' मी सांगितलं. केरेन म्हटल्यावर तुमची मान वर झाली. गेल्या वर्षभरात मला भेटलेला तो पहिला माणूस, ज्याला केरेन कुठे आहे ते सांगावं लागलं नाही.

आणि मग तुम्ही जे केलंत त्यासाठी हे पत्र. क्लिप ट्रेशेजारी ठेवायला हात खाली नेलात आणि मध्येच थांबलात. मागच्या खिशातून निळ्या चौकड्यांचा रुमाल काढलात, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला चौपदरी पसरलात आणि क्लिप त्याच्यावर एकटी ठेवलीत. म्हणालात, 'ही यांच्यात मिसळली तर तुलाही ओळखू यायची नाही.' खरंच होतं ते. त्या ढिगात तिच्यासारख्या तीसेक तरी असतील. नंतरचा अर्धा तास तुमच्या टेबलाशी माणसं येत होती, वस्तू उचलत होती, ठेवत होती, आणि दर वेळी तुमचा एक हात त्या रुमालाजवळ जाऊन बसत होता. चौकातल्या हार घातलेल्या पुतळ्याशेजारी लोक कानात हेडफोन घालून उभे असतात. आणि इथे माझ्या आजोबांना ज्याने पाहिलंही नाही अशा माणसाने त्यांच्या पितळेच्या तुकड्याची एवढी राखण केली!

बाकीचंही आठवतंय. नळीवर १९३८ आणि त्याच्याशेजारी रोमन आकड्यांत सोळा कोरलंय. ते मुसोलिनीच्या राजवटीचं सोळावं वर्ष, हे तुम्ही सांगितलंत. मला वाटत होतं, त्या सोळाचा मॅगझिनशी काहीतरी संबंध असेल. जुन्या इटालियन काडतुसांचं कागदी पुडकं तुमच्याकडे होतं, मी दुप्पट पैसे द्यायला तयार होतो. तुम्ही दिलं नाहीत. 'हे बघायला ठीक. याच्या बुडाची टोपी पेटेल की नाही, आणि पेटली तर कधी, कोण सांगणार? वर याने नळीला गंज चढतो.' गेज मागवून हेडस्पेस, म्हणजे नळीत काडतुसाला किती जागा सुटते ते, बघून घेतल्याशिवाय एकही गोळी झाडणार नाही, असं कबूल करून घेतलंत. मग सर्बियन काडतुसांचे दोन डबे दिलेत, आणि देताना तेही सांगितलंत की इटालियन गोळी ०.२६८ इंचाची आणि बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ गोळ्या ०.२६४ च्या, तेव्हा नेम जरा पसरला तर कार्बाइनला किंवा स्वतःला दोष देऊ नकोस. विकत असलेल्या मालातलं न्यून आधी सांगणारा दुकानदार मी साताऱ्याच्या मंडईत एकच पाहिला होता, तो आंबेवाला. 'वरचे गोड आहेत, खालचे उद्या खा,' म्हणायचा. सहा क्लिपा तुम्ही एकेक करून नकली काडतुसांवर चढवून पाहिल्यात. एकीचे ओठ फाकले होते, ती बदललीत. पैसे घेतलेत ते चारच क्लिपांचे.

गिऱ्हाइकाला काही कळत नाही हे समोरच्याला दिसत असतं. तिथे फसवायला अक्कलही लागत नाही. माझ्या तिघांनी तर तेवढेही कष्ट घेतले नाहीत, नुसते कंटाळले. कंटाळा न करणारा माणूस किती दिवसांनी भेटला, याचंच मला जास्त अप्रूप वाटतं.

रेंजवर जाऊन आलो. हेडस्पेस ठीक निघाला. नेम पसरला, तुम्ही म्हणालात तसाच, किंवा माझ्यामुळे असेल. सहावं काडतूस आत सरकलं आणि क्लिप खाली सिमेंटवर पडली. आवाज अगदी छोटा, चमचा पडल्यासारखा. आजोबांची क्लिप मी वापरत नाही. ती पुन्हा शिवणाच्या डब्यात गेली आहे.

तुमचा रुमाल मात्र माझ्याकडेच राहिला. निघताना तुम्ही क्लिप त्यातच गुंडाळून दिलीत आणि मला घरी आल्यावर लक्षात आलं. धुऊन, इस्त्री करून ठेवलाय. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, कुणाची वस्तू परत करताना रिकामी करू नये, त्यात काहीतरी बांधून दे. पुढच्या शोला बेसनाचे चार लाडू त्याच रुमालात बांधून आणतोय. साखर चालत नसेल तर तिथे सांगा, मग दुसरं काहीतरी बघू.

तुमचा,
केरेनवाल्याचा नातू