बाळाची कुंची आणि ट्रंकेचा वास

निपाणी,
दि. 19 जुलै

ती. आई-बाबांस,
सा. न.

तुम्ही पाठवलेलं बाळाच्या कपड्यांचं गाठोडं परवा संध्याकाळी पोचलं. पाऊस एवढा होता की शेजाऱ्यांचा पोरगा स्वतः चिंब भिजून आला, पण गाठोडं त्यानं जर्किनच्या आत धरलं होतं. त्याला चहा पाजला, भाकरी खाऊन जा म्हटलं तर बस चुकेल म्हणाला.

त्या कपड्यांचं मी काय केलं ते फोनवर सांगायचा दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा बाबांनी घेतला, चार वेळा "हॅलो" म्हटलं आणि आईकडं दिला. दुसऱ्यांदा आईनं "होय रे, होय, कळलं" म्हणत विषय बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांवर नेला. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यावर बाबांना फोनवर काय ऐकू येणार, म्हणून लिहितोय. बाबा, तुम्ही चष्मा लावून आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधले काही सोडू नका. आई, तू मध्ये उठून जाऊ नकोस.

बाळ बरं आहे. पाचवी काल झाली. पाटावर वही-पेन ठेवलं, सटवाई रात्री येऊन काय लिहून गेली ते तिचं तिला माहीत. सकाळी वही कोरीच होती, फक्त एका कोपऱ्यावर गळणाऱ्या कौलाचं पाणी पडलेलं. गडहिंग्लजहून हिची मावशी आलीय, ती न्हाऊ-माखू घालते. धुणं माझ्याकडं आहे. आई, हसू नकोस. शाळेतनं आल्यावर मी मोरीत बसून लंगोट धुतो आणि मावशी दारात उभी राहून म्हणते, "काय करूलास रे मास्तर, नीट चोळ की!"

आता मुद्द्याचं. गाठोड्यात तीन प्रकारचं सामान होतं: बाजारातली पाच नवी झबली, आईनं शिवलेली खणाची कुंची, आणि ट्रंकेतले जुने कपडे. तिन्हींचं मी वेगवेगळं केलंय. आईला वाईट वाटेल असं त्यात थोडं आहे, म्हणून कारणासकट सांगतो.

नवी झबली आधी. आई, तू प्रत्येकाच्या काठाला हळदीकुंकवाचं बोट लावून पाठवलंस आणि वर निरोप, की बोट लावलंय, आता धुवू नका, बारशाला कोरंच घाला. मी धुतली. साबण लागल्याबरोबर हळदीचा पिवळा ठिपका लालभडक झाला. तुमची सून आतून ओरडली, "अहो, रक्त कसलं?" तिला सांगितलं की साबणातल्या खारानं हळद लाल होते, शाळेत हळदीचा कागद करून आम्ही पोरांना हेच दाखवतो. बोट फिकट झालंय पण गेलेलं नाही. हळद उन्हानं उडते आणि ऊन आठ दिवसांत दिसलेलं नाही. म्हणजे तुझं बोट बारशापर्यंत राहतंय, काळजी करू नकोस.

धुण्याआधी घडी उलगडताना एका झबल्याच्या गळ्यात टाचणी निघाली. पुठ्ठ्याला टोचून ठेवलेली, बारीक, बिनडोक्याची. दुकानाचं नाव मी विचारत नाही, तूही सांगू नकोस, उगीच खडे बाजारात जाऊन भांडत बसशील. पण धुवायच्या निमित्तानं घडी मोडली म्हणून ती सापडली. दुसऱ्या दोन झबल्यांच्या मानेशी नायलॉनची लेबलं होती, करवतीच्या पात्यासारखी. ती उसवून काढली.

बाबा, कोरं कापड का धुवायचं हे तर मी तुमच्याकडनंच शिकलोय. ताण्याच्या सुताला खळ लावल्याशिवाय ते मागावर टिकत नाही, फणीत घासून तुटतं, हे तुम्ही मला वडगावच्या त्या शेडमध्ये दाखवलं होतं. मी सहावीत असेन. कापड मागावरनं उतरलं की त्याला खळीचा, मागाच्या तेलाचा आणि कसलासा आंबूस वास यायचा. तुम्ही ते चिमटीत धरून म्हणायचा, "हे कापड नव्हे अजून. एक पाणी पडू दे, मग कळंल." आता तर खळीवर आणखी चार सोपस्कार होतात. चुण्या पडू नयेत म्हणून जी रसायनं मारतात त्यांतल्या काहींतून फॉर्मल्डिहाइड सुटतं. आमच्या प्रयोगशाळेत बेडूक ज्या फॉर्मलिनच्या बरणीत ठेवलाय, ते म्हणजे हेच, पाण्यात मुरवलेलं. दोन वर्षांच्या आतल्या बाळांच्या कपड्यांत ते सापडता कामा नये असं बंधन जपाननं 1973 च्या कायद्यानं घातलंय. रंगांचं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. जर्मनीनं काही अ‍ॅझो जातीच्या घातक कृत्रिम रंगांचे कपडे नाकारले आणि मग 1997 साली आपल्या सरकारनंही तसल्या रंगांवर बंदी घातली. तरी चांगल्या रंगाचाही जो भाग धाग्यात नीट बसलेला नसतो तो पहिल्या पाण्यात सुटतोच. त्यात शिवणाऱ्याचे हात, गोदामातली धूळ, दुकानात दहा गिऱ्हाइकांनी केलेली चाचपणी.

आपल्या अंगाला यातलं काही जाणवत नाही. बाळाची कातडी पातळ, आणि वजनाच्या मानानं अंगाचा पसारा मोठा, म्हणून कापडातलं जे काही असेल ते त्याला आपल्यापेक्षा जास्त लागतं. आता एखाद्यानं न धुता घातलं म्हणून आभाळ कोसळतं असं मी म्हणत नाही. थोरलीच्या बारशाला आपण तो जाळीचा, टिकल्यांचा फ्रॉक कोराच घातला होता. गळ्याभोवती लाल पुरळ उठलं, तीन दिवसांत गेलं. पण ते तीन दिवस ती किती रडली हे आई तुला आठवत असेल, कारण रात्री तूच घेऊन फिरत होतीस.

आई, तुझा मुद्दा मी विसरलो नाही. तू म्हणालीस, या पावसात धुवून दमट कपडा घालण्यापेक्षा कोरा बरा. यात तथ्य आहे. अख्खा दिवस दोरीवर टांगून झबली वाळली नाहीत आणि त्यांना कुबट वास यायला लागला. तसली घातली असती तर कोरी परवडली असती. मग पुन्हा धुतली, दोन-तीन पाण्यातनं काढली, पिळून जुन्या टॉवेलात गुंडाळून दाबली आणि मागच्या पडवीत शेगडीवर बुट्टी उपडी घालून तिच्यावर पसरली. शेगडीत निखारे, धूर नाही, आणि बाळ-बाळंतीण पुढच्या खोलीत. शेवटी इस्त्री फिरवली. शिवणींशी गाल लावून बघतो, थंड लागली तर अजून ओल आहे. सुगंधी साबण आणि ते मऊ करायचं निळं पाणी वापरत नाही. काकांच्या पोरीला सरकारी दवाखान्यातनं मडिलु किट मिळालं होतं ते आठवतं? मडिलु म्हणजे कन्नडमध्ये मांडी, आपण ओटी म्हणतो तसं. त्या पिशवीत बाळाचे कपडे होते आणि कपड्यांचा साबणही होता. तेव्हा आपण हसलो होतो, की साबण काय घरात नसतो? आता वाटतं, पिशवी भरणाऱ्याला अक्कल होती.

कुंची मात्र धुतली नाही. खणाचं कापड, त्याला तुझ्या हातची गोंड्यांची ओळ, आत अस्तर. पाण्यात घातली असती तर तू मला बारशाला दारात उभं केलं नसतंस. पण एक केलं. पांढरा रुमाल ओला करून आतल्या कोपऱ्यावर दहा-बारा वेळा घासला. रुमाल गुलाबी झाला, बिटाची कोशिंबीर पुसल्यासारखा. म्हणजे बाळाला घाम आला किंवा लाळ गळली की रंग कपाळावर उतरणार. म्हणून मावशीच्या जुन्या मऊ पातळाचं टोपडं शिवून घेतलंय. आत ते, वर तुझी कुंची, पाळण्यात घालण्यापुरती. फोटो निघाले की काढायची. चालेल ना?

आता तिसरं. इथं नीट ऐक.

ट्रंकेतले कपडे मी वापरलेले नाहीत. बाबांच्या धोतराचे दहा लंगोट, तुझ्या लुगड्याची दोन दुपटी, आणि माझं ते चौतीस वर्षांपूर्वीचं झबलं. गाठोडं सोडल्याबरोबर सगळ्या खोलीत डांबराच्या गोळ्यांचा वास भरला. माझ्या झबल्याच्या घडीत एक अर्धी झिजलेली गोळीसुद्धा निघाली.

बाळाला तिसऱ्या दिवशी थोडी कावीळ दिसली होती, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. घाबरू नका, अशी कावीळ निम्म्याहून जास्त बाळांना होते, आपोआप जाते, आणि आता उतरलीही आहे. पण घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी तपासता तपासता विचारलं, "घरात जुने कपडे डांबरगोळ्यांत ठेवलेत का?" मला वाटलं, सहज विचारतायत. मग त्यांनी समजावलं. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं एक एन्झाइम जन्मतःच कमी असतं. मुलग्यांत जास्त. बाहेरून काही कळत नाही. अशा बाळाच्या अंगात त्या गोळीतलं नॅफ्थलीन गेलं की तांबड्या पेशी फुटायला लागतात आणि कावीळ एकदम वर चढते. फार चढली तर मेंदूला कायमची इजा होते. गोळी गिळायलाच पाहिजे असं नाही. वास भरलेलं दुपटं गुंडाळलं तरी नाकातनं आणि कातडीतनं ते आत जातं, आणि तेल चोळलेल्या अंगातनं तर जास्तच. इथं मावशी रोज खोबरेल तेलानं मालीश करते.

मला स्वतःचाच राग आला. दरवर्षी नववीच्या वर्गात संप्लवन शिकवताना मी डांबराची गोळीच दाखवतो. ही वितळत नाही, ओली होत नाही, तरी महिन्याभरात बारीक होते, मग जाते कुठं? पोरं ओरडतात, "हवेत, सर!" इतकी वर्षं मी बरोबर म्हणून पुढं गेलो. हवेत, म्हणजे बंद ट्रंकेत कपड्यांत, हे मला कधी सुचलं नाही.

धुवून भागेल का, असं तू विचारशील. मी एक लंगोट दोनदा धुतला. वास कमी झाला, गेला नाही. हे पाण्यात फारसं विरघळतच नाही. त्याला बरेच दिवस वारा आणि ऊन पाहिजे, ते या आषाढात कुठनं आणू? म्हणून सगळं पिशवीत बांधून माडीवर, बाळापासून लांब ठेवलंय. टाकलेलं नाही. पाऊस उघडला की वाळत घालीन. तोवर बाळाला माझं झबलं बसणार नाही हे मला माहीत आहे. पण ठेवीन.

आई, जुन्या कपड्याबद्दल तू बरोबरच आहेस. बारशापर्यंत बाळाला नवं घालायचं नाही, जुन्यात गुंडाळायचं, हे तू थोरलीच्या वेळी म्हणालीस तेव्हा मी तुझ्याशी वाद घातला होता. शंभर वेळा धुतलेल्या धोतरात ना खळ उरते, ना सुटा रंग, ना टोचणारी शिवण. मी आता जे बादली-बादली पाणी वापरून करतोय ते तुमच्या काळात आपोआप होत होतं. आणि बाळ जन्मायच्या आधी कपडे आणायचे नाहीत, या तुमच्याच दुसऱ्या नियमानं गोची होते. कपडे येतात बारशाच्या तोंडावर, धुवायला वेळ राहत नाही, मग तसेच अंगावर चढतात. तुमच्या सुनेनं तो नियम पाळायला लावला म्हणून मी पाळला. पुढच्यांनी पाळावा असं मात्र मला वाटत नाही.

बाबा, एक काम करा. ट्रंक उघडून गोळ्या काढा. किडीसाठी कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. तुम्ही शहापुरी साड्या ज्या कपाटात ठेवता तिथंही बघा, कारण बारशाला आई त्यातलीच एखादी नेसून येणार आणि बाळ पहिल्यांदा तिच्याच पदरात पडणार. ती साडी आजपासनं पुढच्या दारात, वाऱ्यावर टांगून ठेवा. वास राहिलाच, तर आईनं दुसरी नेसावी. थोरलीच्या वाढदिवसाला घेतलेली ती मोरपंखी चांगली दिसते.

नवं काही आणू नका. आणायचंच असेल तर आई, तू रोज घरात नेसतेस त्यातलं एक सुती पातळ आण. ते जांभळ्या काठाचं, पदराला विरलेलं. त्याची चार दुपटी होतील.

सकाळच्या बसनं या, चढउतार कमी पडेल. आईच्या गुडघ्याला पट्टा बांधा. घुगऱ्यांचे हरभरे मी भिजत घालतोय.

तुमचा,
बाळू

ता. क. बाबा, कानाच्या मशीनचा सेल नवा घालून या. नाव कानात सांगताना तुम्हाला ऐकू आलं नाही तर मागच्या वेळेसारखं पुन्हा मोठ्यानं विचाराल. आणि कुंदा एक किलो.