डोकी मोजून बैठकीचं मोल ठरवू नका

मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

महोदय, सविनय नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यात कीटकशास्त्र शिकवतो. आंब्यावरच्या फुलकिडीवर काम करणाऱ्या कोकणातल्या मंडळींची दोन दिवसांची बैठक घ्यावी, म्हणून आम्ही प्रस्ताव पाठवला होता. पंचवीसेक माणसं, एक हॉल, जेवणखाण, एसटीचं भाडं. प्रस्ताव शेरा मारून परत आला: सहभागींची संख्या अपुरी, फलनिष्पत्ती स्पष्ट नाही. तीनशे माणसं, मोठा फ्लेक्स, शाल-श्रीफळ आणि स्मरणिका असं काही लिहिलं असतं, तर बहुधा मंजूर झाला असता.

एका प्रस्तावाचं रडगाणं गायला हे पत्र लिहीत नाही. अशा बैठकीतून काय मिळालं हे तपासायची आपली रीतच चुकते आहे.

मागे आम्ही वर्गणी काढून अशीच एक बैठक घेतली होती. चहाच्या वेळी दोघे संशोधक आपापल्या वह्या ताडून पाहत होते. तालुका एकच, मोहोराचा हंगाम एकच, तरी एकीच्या वहीतल्या फुलकिडी दुसऱ्याच्या कितीतरी पट. बोलता बोलता उलगडा झाला. तो मोहोर पांढऱ्या कागदावर झटकून खाली पडलेल्या किडी मोजायचा. ती मोहोर पिशवीत बंद करून प्रयोगशाळेत आणायची आणि स्पिरिटमध्ये धुऊन मोजायची. फुलांच्या बेचक्यात दडून बसलेली कीड झटकून सगळी पडत नाही. दोघांचे आकडे खरे, पण शेजारी शेजारी मांडायच्या लायकीचे नाहीत. पुढच्या हंगामात काही झाडांवर दोन्ही पद्धती वापरून पाहायचं तिथल्या तिथे ठरलं. बाजूला उभे असलेले एक बागायतदार म्हणाले, "मग फवारणी कधी करायची, हे आम्हाला कुठल्या आकड्यावरून सांगत होतात?" कुणाकडेच उत्तर नव्हतं.

आता हे फॉर्मच्या कुठल्या रकान्यात भरू? शोधनिबंध शून्य, ठराव शून्य.

मोठ्या परिषदेत हे घडत नाही. तिथे दहा मिनिटांत स्लाइड संपवायच्या असतात, आणि फसलेला प्रयोग चारचौघांत कोण सांगणार? अमेरिकेत 1931 साली सुरू झालेल्या गॉर्डन परिषदांचा तर नियमच आहे की तिथलं बोलणं बाहेर उद्धृत करायचं नाही. म्हणून माणसं हातातलं अर्धंकच्चं काम मोकळेपणाने मांडतात. 1947 च्या जूनमध्ये न्यूयॉर्कजवळच्या शेल्टर आयलंडवर जेमतेम दोन डझन भौतिकशास्त्रज्ञ जमले होते. हायड्रोजनच्या ऊर्जापातळ्यांत सापडलेला बारीकसा फरक तिथे लॅम्ब यांनी सांगितला, आणि त्याचं गणित हान्स बेथे यांनी परतीच्या रेल्वेप्रवासात मांडलं. त्या बैठकीला आपला फॉर्म लावला, तर संख्येवरच नापास.

छोटी बैठक म्हणजे सगळं सोनं, असंही नाही. तेच ते दहा चेहरे एकमेकांना बोलावतात, अशा बैठकाही मी पाहिल्या आहेत. शिवाय बैठकीने झाडाला फळ धरत नाही. साका न पडणारा, म्हणजे आतला गर खराब न होणारा, 'रत्ना' हा आंब्याचा वाण 1981 साली वेंगुर्ल्याच्या केंद्रातून आला, तो हापूस आणि नीलमच्या संकरावर वर्षानुवर्षं खपून.

म्हणून मागणी मोजकीच आहे. किमान संख्येची अट काढा. उलट चाळिसाच्या वर माणसं नकोत, अशी घाला. निम्मे तरी नवखे असावेत: विद्यार्थी, बागायतदार, दुसऱ्या केंद्रातले. अहवाल आठवड्यात मागू नका, दीड वर्षाने मागा. त्यात दोनच गोष्टी विचारा: इथे भेटलेल्यांनी पुढे एकत्र काय केलं, आणि इथे काही ऐकून कुणी आपलं कुठलं काम बदललं किंवा थांबवलं? हे आकड्यांत बसणार नाही. चार जणांना फोन करून विचारावं लागेल, एवढं एखादा अधिकारी करू शकेल.

आणि पैसे मार्चअखेरीला देऊ नका. तेव्हा बागायतदार आंबा काढण्यात आणि पेट्या भरण्यात असतो. बैठक पावसात, गणपतीच्या आधी होऊ द्या. गणपतीत कोकणात कुणी कुठल्याच बैठकीला येत नाही, हे आपल्याला सांगायला नको.

आपला,
कीटकशास्त्राचा एक शिक्षक
जि. रत्नागिरी