पेशंट आला नाही, मी आले आहे

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत थकबाकीचं टेबल सांभाळते. दिवसभर लोकांना हप्त्यासाठी फोन करायचे, हे माझं काम. गेल्या वर्षापासून संध्याकाळी घरी तसलेच फोन येतात आणि ते माझी आठवीतली मुलगी घेते. “पप्पा आंघोळीला गेलेत,” हे ती इतक्या सहज म्हणते की पहिल्यांदा मलाही खरं वाटलं होतं.

नवरा दारू पीत नाही, तंबाखू खात नाही. त्यामुळे कुणाला संशयच आला नाही. ऑनलाइन रमी. सुरुवात 50 रुपयांची. माझ्या राणीहाराची तारण पावती मला स्कूटरच्या डिकीत, पीयूसीच्या पाकिटात सापडली. विचारलं तर एकच उत्तर, “एकदा गेलेले निघू देत, मग बंदच.” आमचे थकबाकीदारही असंच बोलतात, फक्त ते उसाच्या बिलाची वाट बघत असतात. उसाचं बिल निदान कधीतरी येतं.

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. खेळवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ते बरंच झालं, नवऱ्याला आत टाकून माझे हप्ते फिटले नसते. ॲप बंद पडलं, आमच्या घरात पंधरा दिवस शांतता होती. मग टेलिग्रामवर कुठली तरी लिंक आली. खेळ तोच, पैसे मात्र कुणा अनोळखी माणसाच्या यूपीआयवर.

(राज्य स्वतः 1969 पासून लॉटरी चालवतं. त्यावर आपल्याला काही म्हणत नाही, ते खातं आपलं नाही.)

मी रजा टाकून एका सरकारी रुग्णालयात गेले. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, “पेशंट कुठाय?” तो आला नाही, मी आले आहे, म्हटलं. “मग त्यांना घेऊन या, ताई.” त्याचं काही चुकलं नाही, केसपेपर पेशंटच्याच नावाने निघतो. पण ज्याला आपल्याला काही झालंय हेच मान्य नाही, तो खिडकीपर्यंत येणार कसा? पुढे एका व्यसनमुक्ती केंद्रात फॉर्म भरला. दारू, तंबाखू, गांजा, इतर. मी ‘इतर’वर खूण केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू असलेल्या रोगांच्या यादीत जुगाराचं व्यसन आजार म्हणून आहे. आमच्या फॉर्मपर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

साहेब, माझं मागणं मोठं नाही. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत बायकोला, आईला, बहिणीला स्वतःच्या नावाने केसपेपर काढता यावा, तो माणूस सोबत नसला तरी. झोप आमचीही गेली आहे. आणि आठवड्यातून एक दिवस त्याच जागी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयातला एखादा माणूस बसवा. बेकायदा सावकाराची तक्रार 2014 च्या सावकारी कायद्याखाली कुठे करायची, कुठल्या कर्जाला आपण बांधील आहोत आणि कुठल्या नाही, हे त्याने समजावून सांगावं. घरातल्या माणसासाठी जामीनदार म्हणून सही करू नका, हे सांगायला डॉक्टर लागत नाही, पण कुणीतरी लागतं. मी रोज जामीनदारांना नोटिसा काढते. तरी दोनदा सही केली. दुसऱ्यांदा तर तो रडत होता.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चांगला आहे. मी रात्री लावला होता, पलीकडून मराठीत बोलल्या, घाई केली नाही. पण सकाळी सातला वसुलीवाला दारात असतो, त्याच्याशी मलाच बोलावं लागतं.

आपण हे सुरू केलंत तर ओपीडीचा वार तेवढा कळवा. रजा टाकावी लागते. नवरा येईलच असं नाही.

आपली विश्वासू,
एक जामीनदार