नुसता पल्ला सांगून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘के-४’ क्षेपणास्त्राची आपली बातमी वाचली. पल्ला ३५०० किलोमीटर हे ठळक छापले, टप्प्यात येणाऱ्या शहरांचा नकाशाही दिला. पण ते पाण्याखालून डागायचे कशासाठी, याबद्दल एक ओळही नाही.

अण्वस्त्र प्रथम वापरणार नाही, हे धोरण भारताने २००३ साली अधिकृतपणे स्वीकारले. पहिला घाव सोसायची तयारी ठेवायची, तर उलट वार करणारे साधन त्या घावातून वाचायला हवे. जमिनीवरचे तळ उपग्रहाला दिसतात. खोल समुद्रातली अणुपाणबुडी शोधणे महाकठीण. पल्ल्याचे महत्त्वही इथेच आहे. आधीच्या ‘के-१५’ची धाव साधारण ७५० किलोमीटरची. तेवढ्यावर मारा करायचा तर पाणबुडीला शत्रूच्या किनाऱ्याजवळ, त्याच्या शोधनौकांच्या टापूत शिरावे लागते. ‘के-४’मुळे ती बंगालच्या उपसागरात, आपल्या नौदलाच्या आसऱ्याला राहू शकते.

आणखी एक. बातमीत सगळ्या चाचण्या एकाच मापाने मोजल्या आहेत, ते मला फार खटकले. जानेवारी २०२० मध्ये ‘के-४’ डागले गेले ते पाण्यात बुडवलेल्या तराफ्यावरून. प्रत्यक्ष पाणबुडीतून, ‘अरिघात’वरून, ते सुटले २७ नोव्हेंबर २०२४ ला. मधली जवळजवळ पाच वर्षे उगीच गेलेली नाहीत. सुमारे १७ टनांचे क्षेपणास्त्र आधी वायूच्या दाबाने नळीबाहेर फेकले जाते. तराफा जागचा हलत नाही, पाणबुडी मात्र पाण्यात तरंगती असते. एवढे वजन एका क्षणात गेले की तिचा तोल आणि खोली दोन्ही सांभाळावी लागतात. ही कामगिरी करणाऱ्यांची नावे आपल्याला कधी कळायची नाहीत. निदान त्यांचे काम तरी नीट सांगितले जावे.

‘अरिहंत’ या भारतात बांधलेल्या पहिल्या अणुपाणबुडीचा सांगाडा आमच्या गुजरातेत, सुरतेजवळच्या हजिऱ्यात बांधला गेला, हे इथल्या किती मुलांना ठाऊक आहे? बडोद्याच्या मराठी घरांतली बहुतेक मुले आता गुजराती किंवा इंग्रजी शाळांत शिकतात. मराठीतून विज्ञान त्यांच्या कानावर पडते ते घरी येणाऱ्या आपल्या अंकामुळेच. तेव्हा पुढच्या चाचणीच्या वेळी शहरांच्या नकाशाऐवजी क्षेपणास्त्र नळीतून बाहेर कसे पडते, याची आकृती छापावी, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक निवृत्त विज्ञानशिक्षक,
दांडिया बाजार, बडोदे